हिच्या हातातलं बटण

माझ्या वतीने बोलण्याचं काम लग्नानंतर लगेचच हिने आपल्याकडे घेतलं आणि मीही ते सुटलो म्हणत देऊन टाकलं. सदरा काखेत काचतोय का, हे शिंपी मला विचारायचा आणि उत्तरासाठी हिच्याकडे बघायचा. त्यामुळे पोटाच्या ऑपरेशननंतर सिस्टरने वेदनाशामक औषधाच्या पंपाचं बटण मला दिलं, तेव्हा मी ते सवयीने हिच्याकडे सरकवलं.

दुखलं की बटण आजोबांनीच दाबायचं, दुसऱ्या कुणी नाही, असं सिस्टरने दोघांनाही बजावलं होतं. ही मान डोलावत होती. पण दुपारी मी झोपेत कण्हलो आणि हिला राहवेना. तिने बटण दाबलं. मी पुन्हा कण्हलो, तिने पुन्हा दाबलं. मग मी अगदी शांत झालो, तशी ती समाधानाने विणायला बसली.

जागा झालो तेव्हा सिस्टर माझे खांदे हलवत होती, मोठा श्वास घ्या म्हणत होती. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. माझा श्वास फार मंदावला होता. श्वासावर लक्ष ठेवणारं यंत्र वाजलं म्हणून वेळेत कळलं.

मी पुरता शुद्धीवर आल्यावर भुलीच्या डॉक्टरांनी हिला शेजारी बसवलं. ते रागावले नाहीत.

"आजी, या पंपाला दोन कुलपं आहेत. एक पंपातच आहे, ठरावीक वेळेच्या आत तो दुसरा डोस देत नाही. दुसरं म्हणजे यांची झोप. औषध पुरेसं झालं की माणूस झोपतो, मग बटण दाबायला कुणी उरत नाही. ते दुसरं कुलूप तुम्ही उघडलंत."

ही उठली. खुर्ची पलंगाच्या पायथ्याशी ओढून, दोन्ही हात शालीत लपवून बसली.

संध्याकाळपर्यंत औषध उतरलं. डॉक्टरांनी पंप कमी मात्रेवर पुन्हा सुरू केला होता, पण मला बटणाकडे बघायचीही भीती वाटत होती. सिस्टर मला खोकायला लावायला आली. खोकलो नाही तर छातीत कफ साचून न्यूमोनिया होईल, म्हणाली. शून्य ते दहामध्ये किती दुखतंय, असंही तिने विचारलं. मी हिच्याकडे पाहिलं. ही खिडकीकडे.

"त्यांनाच विचारा," ती म्हणाली.

मी विचारात पडलो. वॉर्डात कुणाचं तरी माझ्यापेक्षा जास्त दुखत असणारच. मोठा आकडा सांगणं आगाऊपणाचं दिसलं असतं.

"चार," मी म्हणालो.

"मग खोका बघू."

अर्ध्या खोकल्यातच डोळ्यांपुढे काजवे चमकले. "आठ," मी कसाबसा म्हणालो.

"मला विचारलं असतं तर आधीच आठ सांगितलं असतं," ही खिडकीला म्हणाली.

मी माझ्या अंगठ्याने बटण दाबलं. सिस्टर माझा श्वास बघत थांबली. हळूहळू दुखणं मागे सरलं. आता किती, तिने विचारलं. तीन, मी म्हणालो, आणि या वेळी ते खरं होतं. मग तिने एक उशी हिच्यापुढे धरली. आजोबा खोकतील तेव्हा ही टाक्यांवर दाबून धरायची, म्हणाली. हिचे हात क्षणभर शालीतच राहिले. मग बाहेर आले.

मी खोकलो, आणि कफ सुटला. सिस्टर खूश झाली. ही मात्र उशी तशीच धरून होती.

"जोरात धरतेय का हो मी?" तिने विचारलं, आणि उत्तरासाठी माझ्याकडे बघत राहिली.

"थोडी हलकी धर," मी म्हणालो.