अकराचा पाना

गॅरेजच्या भिंतीवरच्या फळीवर हत्यारं नव्हती, नुसत्या त्यांच्या आकृत्या होत्या. बाईंचा नवरा प्रत्येक पाना, पकड, हातोडी फळीला टेकवून भोवती पेन्सिल फिरवायचा. म्हणजे म्हणे कोण जागेवर नाही ते लांबूनच कळतं. आता कोणीच जागेवर नव्हतं. तो गेल्यावर महिन्याभरात बाईंनी सगळी हत्यारं स्वतःच्या हातानं दिराच्या गाडीत भरून दिली होती. बघवत नव्हती, म्हणून. फळी भिंतीत ठोकलेली, ती कुठं देणार?

बाई शिवणकाम करायच्या. पुढच्या खोलीत मशीन, मागे गॅरेज आणि गॅरेजमध्ये आठ महिने जागची न हललेली गाडी. चावी फिरवली की नुसती टकटक. गाडी दोघा भावांनी मिळून घेतलेली, त्यामुळे दिराचं बोलणं डावलता येत नव्हतं, आणि दिरानं गाडीला गिऱ्हाईक शोधलं होतं.

"वहिनी, गाडी म्हणजे रोजची कटकट. दादा होता तेव्हा ठीक होतं. आता बारीकसारीक गोष्टीला मला फोन कराल."

"नाही करणार."

"बरं. रविवारी दहाला मी त्यांना घेऊन येतो. तोवर तुम्ही स्वतः बॅटरी बदलून चालू केलीत तर गाडी तुमची. पुन्हा विषय काढणार नाही."

दीर वाईट नव्हता. शब्दाचा पक्का होता, तीच पंचाईत.

याच गाडीत बाई पंचेचाळिसाव्या वर्षी चालवायला शिकल्या होत्या. शेजारच्या सीटवर बसून नवरा एकदाही ओरडला नाही, फक्त दाराची मूठ घट्ट धरायचा. ती सीट अजून त्याच्या लांब पायांसाठी मागे सरकवलेलीच होती.

शनिवारी सकाळी त्यांनी बॉनेट उघडलं, गळ्यातली मापाची फीत काढली आणि बॅटरीच्या तारा धरून ठेवणाऱ्या नटांचं माप घेतलं. चिठ्ठीवर मिलिमीटरमध्ये टिपलं. मग फळीवरच्या आकृत्या बघून यादी केली आणि हत्यारांच्या दुकानात गेल्या.

दुकानदार म्हातारा होता, चष्मा कपाळावर.

"कोणासाठी?"

"माझ्यासाठी."

चष्मा खाली आला. "मग पान्यांचा अख्खा सेट न्या. आठपासून एकोणीसपर्यंत."

"सगळे कशाला? वापर होईल तेवढेच द्या. एक अकराचा, एक चौदाचा."

"अकरा?" तो थबकला. "नीट मोजलंत ना?"

"तीस वर्षं मापंच घेतेय."

"मग मी कोण बोलणार." त्यानं पाने काढून दिले. वर एक पकड, दोन स्क्रूड्रायव्हर, हातमोजे, तारेचा ब्रश. "एवढ्यात सुरुवात होते. जॅक घेतलात तर स्टँडही घ्या. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून गाडीखाली शिरायचं नाही."

"आज शिरायचं नाहीये."

"आज नाही," तो म्हणाला. "हा नाद एकदा लागला की शिराल."

त्या हसल्या. बऱ्याच दिवसांनी, आणि एका परक्या माणसापुढे. नवी बॅटरी त्यानंच घरपोच पाठवली.

रविवारी सात वाजता बाईंनी हातमोजे चढवले. नटावर पांढरट बुरशीसारखा थर होता, तो ब्रशनं घासला. अकराचा पाना लावला. छान बसला, अजिबात न अडता, जरा ऐसपैसच. त्यांनी जोर लावला. पाना सुर्रकन फिरला, नट जागच्या जागी. पुन्हा जोर, पुन्हा तेच. चौथ्या खेपेला त्यांनी वाकून बघितलं, तर नटाच्या सहाही कडा झिजून गोल झाल्या होत्या, चोखलेल्या गोळीसारख्या.

त्यांनी चिठ्ठी काढली. अकरा. फीत पुन्हा नटाला लावली. दहा.

मग लक्षात आलं. अंगाचं माप जसंच्या तसं त्या कधी लिहीतच नसत. श्वास घ्यायला, हात वर करायला जागा सोडून, वाढवूनच लिहीत. तीस वर्षांत हाताला तीच सवय. नटाला कुठला श्वास घ्यायचा होता?

हत्यारांचं दुकान रविवारी बंद. पकडीनं धरून बघितलं. ती निसटली आणि बोटांची सालं निघाली. साडेनऊपर्यंत त्या धडपडत राहिल्या. मग पायरीवर बसल्या.

दहाला दीर आला, सोबत गिऱ्हाईक आणि त्याची बायको. दिरानं आत डोकावून बघितलं. बाईंची बोटं बघितली.

"वहिनी, फोन करायचा होतात."

"नाही करणार म्हटलं होतं."

गिऱ्हाइकानं आपल्या डिकीतून चावा घेऊन घट्ट बसणारी पकड आणली, नट धरला आणि दोन मिनिटांत सोडवला. नवी बॅटरी बसवली. गाडी पहिल्याच चावीला चालू झाली, जणू कालच बंद केली होती.

"मस्त ठेवलीय हो," तो म्हणाला. त्याची बायको शेजारी बसली. तिचे पाय पुढे पोचेनात. तिनं खाली हात घालून सीट खटकन पुढे ओढली.

गाडी गेल्यावर दीर घुटमळला. "ही हत्यारं मी नेऊ? तुम्हाला आता काय उपयोग?"

"राहू देत."

तो गेला. बाईंनी पकड फळीवर तिच्या आकृतीत अडकवली, बरोबर बसली. अकराचा पाना मात्र कुठल्याच आकृतीत बसेना. बाईंनी कानामागची खडूची कांडी काढली, कोपऱ्यातल्या मोकळ्या जागी पाना धरला आणि त्याच्या भोवती रेघ ओढली. अगदी लगटून. जागा न सोडता.