बंद कोण करतं?

मी एक जुना फळा आहे, मित्रांनो, पण शाळेतला नव्हे. तळवड्यातल्या एका छोट्या कारखान्यात, पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीनशेजारी मी टांगलेला आहे. पिंपळे गुरवच्या एका सुताराने मला घडवले. तेव्हा तिथे इमारती थोड्या आणि ज्वारीची शेते फार. त्याने मला दोनदा काळा रंग दिला, उन्हात वाळवले आणि हात फिरवून म्हणाला, "आता ह्याच्यावर कुनीबी लिहावं."

कारखान्यात माझ्यावर सूचना लिहिल्या जात. सुपरवायझर नवनाथ यांचे अक्षर इतके सुबक, की बाहेरचे पाहुणेही थबकत. मी मनातून फुलून जाई. दर शिफ्टच्या सुरुवातीला सगळे माझ्यापुढे उभे राहून सूचना एका सुरात म्हणत. म्हणता म्हणता कुणी डब्याचे झाकण लावी, कुणी जांभई देई.

पुढे सूचना दाखवायला समोर टीव्ही आला. माझ्या खिळ्याला ॲप्रन लटकू लागले. माझ्याकडे एकच सूचना उरली:

"अडकलेला तुकडा काढण्यापूर्वी यंत्र बंद करण्यात आले असल्याची खातरजमा करण्यात आल्याखेरीज यंत्रात हात घालण्यात येऊ नये."

नऊ वर्षे ती कुणी पुसली नाही; शिफ्टच्या सुरुवातीला सगळे तेवढी म्हणत.

एका दुपारी शिफ्ट बदलली. परभणीहून नुकतीच आलेली साक्षी मशीनवर गेली. आत पत्रा अडकलेला होता. तिने हात घातला आणि प्रेसचा दट्ट्या खाली आला. हातमोज्याची दोन बोटे आत राहिली. तिची बोटे मात्र सुखरूप बाहेर आली.

"रोज म्हणता, तरी हात घातलास?" नवनाथ ओरडले. "उद्यापासून येऊ नकोस!"

साक्षी फाटका हातमोजा काढत म्हणाली, "सर, मला वाटलं, गणराजदादांनी बंद केलं असंल."

आधीच्या शिफ्टचा गणराज दारातच थबकला. "आणि मला वाटलं, येणारा बंद करतो."

इतक्यात चहा घेऊन सुभद्राबाई आल्या. त्या मूळच्या मोशीच्या. किटली खाली ठेवून त्यांनी मला बोट लावून लावून वाचले.

"नवनाथा, पोरीला घालवायच्या आधी एवढं सांग. ह्यात बंद कोन करतं?"

"मावशी, वाक्यात एक चूक काढून दाखवा."

"मला न्हाई येत चुका काढाया. पर एवढा मोठा घास कुनाच्या गळ्याखाली उतरायचा? बारीक कर की. कोन, काय करतो, तेवढंच ठिव."

"सर, मावशींची शिकवणी लावा," गणराज हळूच म्हणाला.

नवनाथ चिडून डस्टर घेऊन आले. वाक्य लहान केले तरी बरोबरच राहते हे दाखवायला एकेक शब्द पुसू लागले. शेवटी तीनच कामे उरली: बंद करणे. तपासणे. मग हात घालणे. प्रत्येकापुढे त्यांनी नावासाठी जागा सोडली आणि खडू हवेतच थांबला. तिन्ही जागा रिकाम्या होत्या.

मित्रांनो, मी थक्क झालो. एवढे भारदस्त वाक्य नऊ वर्षे मी छातीवर मिरवले, आणि त्यात एकही माणूस नव्हता!

नवनाथ साक्षीकडे वळले. मग हळू आवाजात म्हणाले, "साक्षी, उद्या ये. चूक माझी आहे." आणि त्यांनी लिहिले:

"जाणारा मशीन बंद करतो. येणारा ते तपासतो. मगच हात घालतो."

सर्वांनी ते वाचले, आणि वाचता वाचता सगळ्यांच्या माना मशीनच्या बटणाकडे वळल्या. नऊ वर्षांत असे कधी घडले नव्हते. तीन लहान वाक्यांत एवढी ताकद कुठून येते, हे मला अजून उमगलेले नाही.

घरी जाताना साक्षीने मशीन बंद केले. मग खडू उचलून खाली लिहिले, "साक्षीने मशीन बंद केले." आता जाणारा प्रत्येक जण आपल्या नावाने हे वाक्य लिहितो. माझ्या खिळ्यावर ॲप्रन नाहीत.

मित्रांनो, मला कोरड्या फडक्याने पुसा, एवढीच माझ्यासाठी विनंती. आणि काही लिहाल, तेव्हा ते लहान करून पाहा. त्यात माणूस सापडतो का, ते शोधा. तुमच्या शब्दांवर विश्वास ठेवून कुणीतरी हात पुढे करणार असते.