बोंबील न सोडणारी मांजर

किशोरीला सातवा महिना लागला आणि तिला आयच्या हातचेच सुके बोंबील पायजेत. बाजारातले नकोत, करंज्याच्या आमच्या अंगणातले. माझ्या बायकोनं, गोदूनं, ते तिथं दोरीवर वाळत घातले, पन आता आमी नवराबायको लेकीकडं खांदा कॉलनीत, मंग राखण कोण करनार? जावयानं, कल्पेशनं, अंगणात कॅमेरा लावला. हितं कॉम्प्युटरवर अंगण दिसतं, नि हितून बोललेलं तिथं भोंग्यातून ऐकू जातं. कावळा आला की हाड बोलायचं, उडतो.

त्या दिवशी मायलेकी डॉक्टरकडं निघाल्या. गोदू दारातून बोलली, "नीट बघा. बोंबील गेले तर लेकीला काय सांगायचं ते तुमीच सांगा."

बसलो. जरा वेळानं ललिता वैनीची मनी आली. वैनी म्हंजे माझ्या मोठ्या भावाची बायको, करंज्याला आमच्या शेजारीच राहते. किती वेळा सांगितलं, तुझी मांजर चोर हाय. ती बोलते, "माझी मनी मासं शिवत नाय, दूध पिते." आज मनीनं उडी मारून दोरीवरचा बोंबील तोंडात धरलेला. कल्पेशनं शिकवलेलं, विंडोजचं बटन नि प्रिंट स्क्रीन एकदम दाबायचं, पडद्याचा फोटो निघतो. दाबलं. निघाला. उघडून पडदाभर मोठा केला. मिशा पन दिसत व्हत्या. आता बोल म्हनावं वैनीला.

माईक चालूच व्हता. ओरडलो, "सोड तो बोंबील."

सोडंना.

"दुसऱ्याच्या दोरीला हात लावायला लाज नाय वाटत?"

ढिम्म. हवेत लटकलेली, शेपटी पन हलंना. चहा करून आलो, तरी तशीच. राग आलेला, पन खोटं कशाला बोलू, कौतुक पन वाटलं. एवढा वेळ लोंबकळायचं म्हंजे जबड्यात काय ताकद पायजे. मंग आवाज चढवला, "खाऊन खाऊन जाडी झालीस, तरी हावरटपना जात नाय तुझा. थांब, गोदूच येऊन शेपूट धरून बाहेर काढंल."

गोदू आलीच, कानाला फोन लावून.

"तुमी वैनीला जाडी बोललात?"

"मनीला बोललो."

"करंज्याला पाऊस पडतोय. वैनी आपले बोंबील काढायला आलेली, नि भोंग्यातून तुमी सुरू."

"कुठं पाऊस? कडक ऊन हाय. ही बघ मनी, अजून हवेतच."

किशोरीनं एक बटन दाबलं. मनी गेली, ऊन गेलं. फोटोखाली धो धो पाऊस, नि दोऱ्या मोकळ्या.

"बोंबील कुठं गेले?" किशोरीचा आवाज रडवेला.

गोदू बोलली, "वैनीच्या माळ्यावर. मला चोर ठरवलंत ना, मंग चोरले, बोलते. आख्ख्या आळीनं ऐकलंय. भोंग्यातूनच माफी पायजे तिला, तरच देनार."

अंगणात वैनी छत्री घेऊन उभी राहिली. मागं आळी जमली. मी माईकवर बोललो, "वैनी, चुकलं माझं. ते मनीला व्हतं."

वैनी काय हलंना, काय बोलंना. मी किशोरीला हळूच विचारलं, "हा परत फोटोच तर नाय ना?"

ते पन भोंग्यातून गेलं. आळी पावसात हसत सुटली. वैनीनं पदर तोंडाला लावला, छत्री गदागदा हलली.

"उद्या कल्पेशला पाठवा," ती बोलली. "पोरीसाठी देते. आनि भाऊजी, शेपूट बोललात, तेवढं मी इसरनार नाय."