मानेजवळचा काळा टाका

विद्याच्या कॉलेजनं मुलींना कुद्रेमुखच्या डोंगरात न्यायचं ठरवलं, तेव्हा सगळ्यात आधी नाक मुरडलं ते मी. जंगलातली पायवाट, तंबूत मुक्काम, आणि मुलींना सांभाळायला कोण, तर बॉटनीच्या एक बारक्याशा बाई. पण विद्याचे बाबा "जाऊ दे गं" म्हणून मोकळे झाले आणि अक्कांनी तर चक्क भाचीची बाजू घेतली. अक्का म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई. नाव प्रमोदिनी, पण मल्लेश्वरममध्ये आमच्या अख्ख्या गल्लीच्या त्या अक्काच. ऐन तारुण्यात विधवा झाल्या, तेव्हापासून आमच्याकडेच राहत होत्या. मग मी म्हटलं, जायचंच आहे ना, तर सामान मी निवडणार. बापलेकीच्या हाती दिलं असतं तर दोघं एक टॉर्च आणि बिस्किटाचा पुडा घेऊन आली असती.

स्वेटर मात्र विकत आणायची गरज नव्हती. घरात अक्का होत्या, त्यांचे हात होते आणि लोकरीची टोपली होती. पण अक्कांकडे स्वेटर मागायचा कुणी? विद्याही मागेना. कारण अक्का विणायच्या ते फक्त जवानांसाठी.

दोन वर्षांपूर्वी चीनचं युद्ध झालं, तेव्हा आम्ही सगळ्याच बायका विणत होतो. आमच्या भागातली मंडळी समिती करून लोकर वाटायची आणि विणलेलं गोळा करून न्यायची. त्यात माझे यजमान पुढे. त्याच हिवाळ्यात अक्कांचा एकुलता एक मुलगा श्रीकांत तिकडे सरहद्दीवर, बर्फात गेला. गोळी लागली नव्हती. थंडीनं गेला, असं त्याच्या बरोबरचा एकजण घरी येऊन सांगून गेला. अक्का तेव्हा रडल्या नाहीत. जेवणही टाकलं आणि बोलणंही. एके दिवशी आपणहून टोपली ओढून घेतली आणि म्हणाल्या, "दुसऱ्या कुणाचा तरी वाचेल." त्या दिवसापासून त्या पुन्हा जेवायला लागल्या. युद्ध संपलं, बाकीच्या बायकांच्या सुया कपाटात गेल्या, पण अक्कांच्या चालूच राहिल्या. माप कुणाला विचारावं लागत नसे. हात आपोआप श्रीकांतच्या मापावर जात. आणि प्रत्येक स्वेटर पुरा झाला की मानेच्या आतल्या बाजूला काळ्या लोकरीचा एक टाका घालायच्या. बाळाच्या गालाला तीट लावतात ना, तसा. "कुणाची नजर लागायला नको पोराला," म्हणायच्या. स्वेटर झाला की माझे यजमान तो पिशवीत घालून समितीत पोचवायला न्यायचे.

तर रविवारी विद्याला घेऊन मी बाजारात गेले. लष्कराचं जुनं सामान विकणारा शिवाप्पा तिथे बसतो. माणूस बेळगावकडचा, त्यामुळे घासाघीस मराठीत करता येते. मी त्याचा अर्धा ढीग उपसला. अंथरायचं मेणकापड उन्हासमोर धरून भोकं शोधली. पाण्याच्या बाटलीत नाक घालून वास घेतला. बूट घालण्याआधी पायमोजावर पायमोजा चढवायला लावला आणि विद्याला तिथल्या तिथे उकिडवं बसवलं, उठवलं, चालवलं. पाठीवरच्या पिशवीचे पट्टे ओढून बघितले, तर एक हातातच आला.

"अम्मा, तुमी काय पलटणीत होता काय?" शिवाप्पा म्हणाला.

"दुसरी दाखवा. आणि शिवण बघून दाखवा."

मग त्यानं विचारलं, "थंडीला काय नेताय? वर लई गार असतंय. स्वल्प थांबा." आतून त्यानं खाकी स्वेटरांची एक चळत आणली. "नवे कोरे. कुणाच्या अंगाला लागलेले नाहीत."

विद्यानं वरचा उचलला आणि अंगात चढवूनही टाकला. बाह्या बोटांच्या खाली लोंबत होत्या. मला हसू आलं. हसत हसतच मी स्वेटरची मान सारखी करायला गेले आणि माझी बोटं तिथेच थबकली. आतल्या बाजूला काळा टाका होता.

मी चळतीतला दुसरा उचलला. त्यालाही काळा टाका. तिसऱ्यालाही. मग मी वेड्यासारखी सगळे उलटे करत सुटले. सगळे श्रीकांतच्या मापाचे, सगळ्यांच्या मानेशी तीट. अक्का रोज विणत बसतात ती जागा, खिडकीपाशी झुकलेली त्यांची मान, सगळं डोळ्यांपुढे आलं आणि मी शिवाप्पाच्या पत्र्याच्या पेटीवर बसले. विद्याचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. ती बुटाच्या नाड्या बांधत होती.

"हे कुठून आले?" मी हळूच विचारलं. मनात म्हटलं, समितीतल्या कुणीतरी चोरून विकले. त्या चोराचं नाव कळू दे, मग मी आहे आणि तो आहे.

"एक साहेब आणून देतात. तुमच्या मल्लेश्वरमकडचेच. उंच आहेत, जाड चष्मा, सायकलवर येतात. पैसे घेईनात बगा. गरिबाला स्वस्तात द्या म्हणतात. रातपाळीचे वॉचमन नेतात."

उंच, जाड चष्मा, सायकल. मी रोज सकाळी ज्याला डबा भरून देते, तोच माणूस.

आम्ही बसनं घरी आलो. विद्यानं स्वेटर अंगातून काढलाच नव्हता, म्हणून तोही घेऊन आलो होतो. घरात शिरण्याआधी मी तिला तो काढायला लावला आणि पिशवीच्या तळाशी दडपला. अक्का देवळात गेल्या होत्या. हे मागच्या अंगणात सायकल पुसत होते. मी स्वेटर त्यांच्यासमोर धरला आणि मान उलटी केली.

त्यांनी नाकारलं नाही. फडकं खाली ठेवलं. "लष्करानं कधीच नको म्हणून सांगितलं, शुभदा. प्रत्येकाचं माप वेगळं, वीण वेगळी. गठ्ठेच्या गठ्ठे परत आले. समिती तर युद्ध संपल्या संपल्याच मिटली. तेव्हापासून लोकरही मीच विकत आणतो."

"म्हणजे एकही गेला नाही?"

"अक्काचा तरी नाही."

"आणि तुम्ही त्यांच्या हातातून घेत राहिलात? पोचवतो म्हणून?"

"मग काय सांगू तिला?" ते एकदम चिडून म्हणाले. "विणणं थांबलं की ती पुन्हा जेवणं टाकेल. आश्रमात दिले तर आभार मानायला कुणी घरी येईल. म्हणून त्या शिवाप्पाकडे टाकतो."

इतकी वर्षं एका ताटात जेवतोय आम्ही, आणि ह्या माणसाच्या पोटात एवढं होतं ह्याचा मला पत्ता नव्हता. मला त्यांचा संताप आला. पुष्कळ बोलले मी त्यांना. खोटारडे म्हणाले, बहिणीला फसवणारा भाऊ म्हणाले. त्यांनी फडकं उचलून त्याची घडी घातली. मग म्हणाले, "बरं. मी खोटारडा. तू खरं सांग तिला."

मी आत आले. विद्यानं तोवर दिवाणखान्यात चटई टाकून सगळं सामान मांडलं होतं. स्वेटर परत न्यावा तर ती कारण विचारणार, ठेवावा तर अक्का बघणार. अक्कांचं पाऊल फाटकात वाजलं तसं मी शिवणाच्या डब्यातली कात्री घेतली आणि तो काळा टाका कापून उपटून टाकला, आणि स्वेटर सामानात ठेवून दिला. खाकी स्वेटर काय, बाजारात शंभर मिळतात.

अक्का आल्या त्या सरळ चटईवर बसल्या. प्रत्येक वस्तू उचलून बघायला लागल्या. बुटांची शिवण दाबून पाहिली. "सरी, ठीक आहे. बूट चांगला आहे," म्हणाल्या. जळवांसाठी मिठाच्या पुरचुंड्या शिवून आणल्या होत्या, त्या पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात घातल्या. मग त्यांनी स्वेटर घेतला. हातात घेतल्या घेतल्या त्यांचा अंगठा मानेच्या आत गेला, नेहमीच्या जागी, आणि तिथे थांबला. तिथली लोकर जरा विस्कटलेली होती.

"इथला टाका कुणी काढला?"

दारात हे येऊन उभे राहिले होते. अक्कांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. विद्या म्हणाली, "आत्या, तो आम्ही बाजारातनं आणलाय. तिथे असे खूप आहेत."

अक्कांनी हातातला स्वेटर मांडीवर ठेवला. बराच वेळ त्या त्याच्यावरून हात फिरवत होत्या. आता त्या पडतील असं वाटून मी पुढे सरकले.

"एकही पोचला नाही?" त्यांनी विचारलं.

सांगायला निघाले होते ना मी खरं? यजमानांना एवढं सुनावणारी मी. माझी मान नुसती नाही म्हणून हलली.

अक्का उठल्या आणि आत गेल्या. मी यजमानांकडे बघितलं तर त्यांचा चेहरा पांढराफटक झाला होता. माझ्या मनात नाही नाही ते आलं. पण अक्का परत आल्या, टोपली घेऊन. त्यांनी सुईत काळी लोकर ओवली, मानेच्या आत टाका घातला आणि धागा दातानं तोडला.

"पोर डोंगरात चाललीय," त्या मला म्हणाल्या. "तिला तशीच पाठवणार होतीस?"

मग त्यांनी विद्याला जवळ बोलावलं. स्वेटर तिच्या अंगात घातला. बाही बोटांच्या खाली लोंबत होती. अक्कांनी ती हातात धरली.

"श्रीकांतचा हात लांब होता गं. हात पुढे कर बघू, तुझं माप घेते."

विद्यानं हात पुढे केला. अक्कांनी तिच्या मनगटाशी टाचणी लावली, स्वेटर काढून घेतला आणि बाही खालून उसवायला सुरुवात केली. मी त्यांच्या शेजारी बसले आणि सुटत येणारी लोकर गुंडाळत राहिले.