चिंचेला टांगलेले पंप

चिचटोल्याच्या तलावाच्या पाळीवर त्या गुरुवारी पाय ठेवायला जागा नव्हती. ऑटो, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, आणि त्यांतून खोकत उतरणारी माणसं. सानगडीच्या बाजारालाही एवढी गर्दी होत नाही. पाळीवरच्या जुन्या चिंचेला दोऱ्यांनी बांधून दम्याचे पंप लटकवले होते. निळे, तपकिरी, जांभळे. वारा आला की ते एकमेकांवर आपटून वाजायचे, आणि बाया हात जोडायच्या.

"देखो, देखो! डॉक्टर के घर का खिलौना!" झाडाखाली बसलेले भैय्याजी महाराज ओरडत होते. "जोवर हा खिशात, तोवर दमा उरात! इकडं टांगा, तिकडं सुटा!"

हे महाराज कुठून आले, कोणाला ठाऊक नव्हतं. कोणी हिमालय म्हणायचं, कोणी बालाघाट. त्यांचं तोंड सकाळपासून जे सुरू व्हायचं, ते धान भरडायच्या मशीनसारखं दिवसभर चालायचं.

त्या गर्दीत दीपमाला होती. साकोलीच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. दमा तिला लहानपणापासून. उन्हाळ्यात ती भंडाऱ्याच्या छातीच्या आणि अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांकडे गेली होती. त्यांनी हातावर थेंब टाकून, टोचून पाहिलं. धुळीच्या आणि धानाच्या कोंड्याच्या जागी गांधी उठल्या. मग पंप दिला, तो कसा ओढायचा ते समोर बसवून शिकवलं. महिनाभरात दीपमाला रात्री आडवी झोपू लागली. त्याआधी कैक रात्री तिने भिंतीला टेकून काढल्या होत्या.

पण पंपाने दमा थांबला, आईची चिंता थांबली नाही. शकुनबाईने नवरा गेल्यावर एकटीने शेती केली, पोर शिकवली. कशाला भ्याली नाही ती एका जांभळ्या डबीला भ्याली. "पंप लागला का सुटत नाही," असं गावात सगळेच म्हणत. आणि पंप ओढणारी पोरगी कोण करणार? आमच्या झाडीपट्टीत सोयरिकी जुळतात त्या दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत. गावोगावचे पाहुणे येतात, रात्री नाटक बघतात, दिवसा पोरी बघतात. करडी गावच्या केशवरावांचा वीरेंद्र मंडईला दीपमालेला बघायला येणार होता. म्हणून पोळा होताच शकुनबाईने पोरीला पाळीवर आणलं.

"माय, मले पंपानं बरं वाटून राहिलं ना. काहून नेतेस?"

"पाव्हन्यासमोर ओढशीन काय तो? चाल मुकाट्यानं!"

शकुनबाईने स्वतःच्या हाताने लेकीचा पंप चिंचेला बांधला. शेजारी सुखराम आपला पंप बांधत होता. तो राइस मिलमधला हमाल, जन्म पोती उचलण्यात गेला. त्याने खिशातून पोती शिवायची सुतळी काढली आणि चांगल्या दोन गाठी मारल्या. नुकताच घेतलेला नवा पंप होता, पण महाराजांपुढं जुनं नवं काय!

मग चमत्कार झाला. महाराजांनी बांबूची पोंगळी सुखरामच्या उघड्या छातीला लावली, गाल आत जाईपर्यंत ओढलं आणि पांढऱ्या कापडावर फुर्रकन फुंकलं. कापडावर पिवळट कोंडा पडला. गर्दीने श्वास रोखला, ज्यांना रोखता येत होता त्यांनी.

"कोंडा!" महाराज गरजले. "धानाचा कोंडा! छाती म्हंजे काय? मशीन की कोठी! डॉक्टरनं कधी काढला काय? एक्सरे काढते, पैसे काढते, कोंडा नाही काढत!"

सुखरामच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. "माह्याच छातीतला हाय बाप्पा. वळखतो मी."

त्याला हसू नका. जो माणूस चाळीस वर्षं कोंड्यात श्वास घेतो, त्याला छातीतून कोंडा निघाला हे पटवून द्यावं लागत नाही. लबाडाने दुखणं नेमकं हेरलं होतं.

मग मिळाली पुडी. काळसर भुकटी, रोज सकाळी चिमूटभर. पथ्यं तीन. मीठ बंद. एक दिवस चुकवायचा नाही, चुकला तर देव कोपेल आणि जीव घेईल. आणि डॉक्टरला सांगायचं नाही.

आणि कडू गोष्ट अशी की पुडी लागू पडली. तिसऱ्या दिवशी सुखराम न थांबता पाळ चढला. दीपमालेची शिट्टी वाजणारी छाती गप्प झाली. दसऱ्यापर्यंत तिचा चेहरा भरला, गाल गोल आणि लालबुंद झाले. ज्या पोरीला गाव 'काडी' म्हणायचं, तिला बायका अंगणात येऊन बघू लागल्या.

"पाहा, माही पोर कशी भरली!" शकुनबाई ज्याला त्याला सांगे. झाडीत भरलेलं तोंड म्हणजे सुखाचं तोंड. ते आजाराचंही असू शकतं, हे कोणाच्या मनात कसं येणार?

आलं ते दीपमालेच्याच. कारण त्या भरल्या तोंडाखालचे पाय बारीक होत होते. खाली बसली की उठताना हात टेकावा लागे. कुठं जरा आपटलं की निळा डाग उठे, आणि रात्री अशी भूक लागे की ती उठून थंड भात खाई. एके दिवशी कॉलेजचं निमित्त करून, पुडी रुमालात बांधून, ती एसटीने भंडाऱ्याला गेली.

उन्हाळ्यात तपासणाऱ्या त्याच डॉक्टर अश्वजित गजभिये यांनी तिला दारातच पाहिलं आणि हातातलं पेन खाली ठेवलं.

"पुडी कुठून घेता?"

"तुमाले कसं कळलं?"

"तुमच्या तोंडावर लिहिलंय. आठवड्याला असे दोन-चार चेहरे बघतो मी. पथ्य काय सांगितलं?"

दीपमालेने तीन पथ्यं सांगितली. डॉक्टर हसले, पण ते हसू चांगलं नव्हतं.

"पुडी तपासायला पाठवू, पण मला संशय आहे तो सांगतो. स्टेरॉइडच्या गोळ्या कुटून राखेत मिसळल्यात. दम्याला लगेच आराम पडतो, खोटं नाही. तुमच्या पंपातही स्टेरॉइडच असतं, पण अगदी थोडं आणि थेट फुप्फुसात. हे सगळ्या अंगात भिनतं. तोंड सुजतं, स्नायू झिजतात, हाडं पोकळ होतात. आता पथ्य बघा. मीठ बंद कशाला? सूज फार दिसू नये म्हणून. एक दिवस चुकवायचा नाही कशाला? हे औषध शरीर स्वतः बनवतं. बाहेरून फुकट मिळालं की बनवणं सोडून देतं. मग एकदम बंद केलं तर माणूस कोसळतो, मरूही शकतो. हा देवाचा कोप नाही. गोळ्यांसोबत जो कागद येतो, त्यावर छापलेली सूचना आहे."

"म्हंजे त्याले सारं माहीत हाय?"

"सगळं. अडाणी नाही तो."

हेच दीपमालेच्या जिव्हारी लागलं. वेडा बाबा असता तर तिने माफ केलं असतं. हा तर वाचून आलेला होता.

डॉक्टरांनी तिला पंप पुन्हा सुरू केला, पुडीऐवजी मोजून गोळ्या दिल्या, त्या हळूहळू कमी करत न्यायचा हिशेब लावून दिला आणि दोनदा बजावलं, "गावात सांगा. पुडी कोणीही एकदम बंद करू नका. आधी सगळे इथं या."

आठवड्याने अहवाल आला. संशय खरा होता. त्या गुरुवारी ती पाळीवर गेली. कोंड्याचं कोडं तिने मनात सोडवून ठेवलं होतं. दिवसभर न थांबणारे महाराज पोंगळी तोंडाला लावायच्या आधी प्रसादाची चिमूट तोंडात टाकत आणि तेवढ्यापुरते मुके होत. ती वाट बघत राहिली. महाराजांनी चिमूट टाकली, पोंगळी उचलली, तशी ती पुढं झाली.

"महाराज, ओढायच्या आधी एकदा जयजयकार करा ना!"

महाराजांनी मान हलवली.

"काहून? सकाळपासून तर करून राहिले. एकदा म्हना, शंकर भगवान की जय!"

गर्दीलाही ते पटलं. पुढची एक म्हातारी भाविकपणे म्हणाली, "म्हना ना बाप्पा, पोरगी एवढी म्हनून राहिली." मागून कोणी हसलं. महाराज लाल झाले, नाकाने फुसफुसले, आणि अखेर "चूप!" म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. त्या 'चूप'बरोबर सगळा कोंडा त्यांच्या दाढीवर येऊन पडला.

"पाहा!" दीपमाला ओरडली. "कोंडा छातीत नाही, गालात होता!"

काय हशा उठला! पोरंटोरं नाचली. त्या हशातच दीपमाला घसा फोडून सांगत होती, "पुडीत स्टेरॉइड हाय, हा पाहा अहवाल! पन एकदम बंद करू नका! डॉक्टरकडं चला!" अर्ध्यांना ऐकू आलं नाही. ज्यांना ऐकू आलं, त्यांना पुडी वाईट आहे एवढंच समजलं. आंधळा विश्वास आणि आंधळा राग एकाच घरात राहतात. कालपर्यंत पुडी कपाळाला लावणाऱ्यांनी आज ती तलावात फेकली. महाराज रात्रीतून पसार झाले.

सुखरामनेही पुडी फेकली. दीपमाला दोनदा त्याच्या घरी गेली, "काका, चला भंडाऱ्याले," म्हणाली. तो शरमला होता. गावभर रडून कोंडा ओळखणारा माणूस कोणत्या तोंडाने डॉक्टरपुढं जाणार? "उद्या जाऊ बेटा," एवढंच म्हणाला. चौथ्या दिवशी त्याला उलट्या सुरू झाल्या, हातपाय गळाले, श्वास अडकला. दवाखान्याच्या वाटेवरच, गाडीत, तो गेला.

आणि गाव काय म्हणालं? "महाराज बोलले होते, एक दिस चुकला तर देव जीव घेते. घेतला ना!" सुखरामच्या बायकोने, रंभाबाईने, दीपमालेच्या अंगणात उभं राहून तिला शिव्याशाप दिले. ज्या माणसाने मारलं त्याची भविष्यवाणी खरी ठरली, आणि जी वाचवायला धावली ती पांढऱ्या पायाची झाली.

अशात मंडई आली. करडीचे केशवराव आणि वीरेंद्र ओसरीवर बसले. मागच्या खळ्यावर धानाची मळणी चालली होती, धूळ थेट घरात येत होती. चहा देता देता दीपमालेची छाती आवळली.

"आतमंदी जाऊन ओढ," शकुनबाई कानात म्हणाली. "पाव्हने पाहून राहिले."

दीपमाला जागची हलली नाही. तिने पंप काढला, हलवला, सगळ्यांसमोर ओढला, श्वास धरला आणि सोडला. मग शांतपणे म्हणाली, "मले दमा हाय. चोरी नाही केली मी."

केशवरावांनी कप खाली ठेवला. "आमाले इचार करावा लागन," ते म्हणाले आणि उठले. वीरेंद्रने दारातून एकदा मागं पाहिलं, पण तोही बापामागं गेला.

 शकुनबाई उठली, कोपऱ्यातला विळा घेतला आणि पाळीकडे निघाली. दीपमाला मागोमाग गेली. चिंचेखाली जाऊन शकुनबाई एकेक दोरा कापू लागली. पंप खाली पडत राहिले. तलावावर पाणी भरायला आलेली रंभाबाई लांबून बघत होती. ती जवळ आली, वाकली आणि सुतळीच्या दोन गाठी असलेला पंप तिने उचलला.

आता सांगणाऱ्याने सांगायचं ते साधं आहे. देव माना, नका मानू. पण जो म्हणतो डॉक्टरला सांगू नका, त्याच्यासमोरून उठून चालू लागा. ज्या औषधाचं नाव सांगत नाहीत, ते तोंडात घालू नका. आणि आजार लपवू नका. महाराजांना ती चिंच आपल्या लाजेनेच दिली होती.

रंभाबाईने पंप उलटासुलटा करून पाहिला. "हे कसं चालते वो?" तिने विचारलं.

दीपमालेने तिचं बोट वरच्या डबीवर ठेवलं. रंभाबाईने दाबलं. पांढरा फवारा निघाला आणि हवेत विरला. तिने पुन्हा दाबलं, पुन्हा निघाला.

"भरलेला होता," ती म्हणाली, आणि दाबत राहिली.