पाकिटावरचा डिंक

संविलियनाची ती वर्षं. अध्यापकांना शिक्षण विभागात पक्कं सामावून घेणं चाललं होतं आणि ज्यानं त्यानं आपले कागद पोर्टलवर चढवायचे होते. शनवारा मोहल्ल्यात राहणारी सुनंदा अठरा वर्षं शाहपुरच्या शाळेत कच्च्या नोकरीवर खपली होती. आज शेवटचा दिवस, मुदत पाचची. सायबर कॅफेत दुपारपासून पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून ती घरच्या कॉम्प्युटरपुढे बसली. तर सव्वाचार वाजले तरी पडद्यावर तीच पाटी: हे कनेक्शन सुरक्षित नाही.

शेजारी खुर्ची ओढून तिची सासू धुरपदाबाई बसल्या होत्या. शिक्षण चौथीपर्यंत, जीभ वकिलाची. फोनवर इंदूरहून अरविंद, सुनंदाचा नवरा. गेल्या रविवारी नवा ब्राउझर आणि अँटीव्हायरस त्यानंच टाकून दिला होता.

तो समजावत होता. साइटकडून सगळं बंद पाकिटात येतं. पाकिटात विषाणूही लपून येतो, म्हणून अँटीव्हायरस ते वाटेत फोडतो, तपासतो, पुन्हा बंद करतो आणि वर आपली मोहर मारतो. नव्या ब्राउझरकडे ओळखीच्या मोहरांची स्वतःची यादी. तिच्यात ही मोहर नाही, म्हणून तो आत घेत नाही. टेन्शन नको घेऊ, धोका पत्करून पुढे जायचं बटण दाब.

सुनंदाचं बोट बटणावर गेलं.

"थांब," धुरपदाबाई म्हणाल्या. "फोडणारा आपला राखणदार की चोर, हे याला इंदुरात बसून दिसतं होय?"

अरविंदनं कबूल केलं, दिसत नाही. मग मोहर कोणाची ते उघडून वाचायला सांगितलं. सुनंदानं वाचलं. नाव अँटीव्हायरसचंच होतं.

धुरपदाबाई सैलावल्या. "मग राखणदारच. घरात येणारं पत्र मोठ्या माणसानं आधी पाहिलं तर बिघडलं काय?"

सुनंदानं मान वळवली नाही. "आत्याबाई, माझी आई पाकीट बाभळीच्या डिंकानं चिकटवायची. माझ्या हातात यायचं तेव्हा त्याला भात लागलेला असायचा."

चहाच्या वाफेवर सोडवून भाताच्या शितांनी पुन्हा चिकटवलेली ती पाकिटं धुरपदाबाईंना एकेक आठवली. इतकी वर्षं त्या सुनेला भोळी समजत होत्या. कानशिलं तापली. पण माफी मागायची सवय त्यांच्या जिभेला नव्हती.

"अरविंदा," त्या म्हणाल्या, "त्या राखणदाराला सांग, या एका पत्राला हात लावायचा नाही. बाकीची खुशाल वाच म्हणावं."

तशी सोय होती. अरविंद एकेक पायरी सांगत गेला. मध्येच फोन कटला, पुन्हा लागला. साइटचं नाव वगळायच्या यादीत गेलं तेव्हा पाचला चौदा मिनिटं कमी होती. पान उघडलं. सुनंदानं आधी मोहर पाहिली. राखणदाराचं नाव तिथं नव्हतं. मग एकेक कागद चढवला, शेवटचा तर पडद्यावर गोल गोल फिरतच राहिला. पाचला चार कमी असताना पावतीचा नंबर आला, आणि तो तिनं उतरवून घेतला.

धुरपदाबाई उठल्या, दारापर्यंत गेल्या, थांबल्या.

"मला तरी धड कुठं वाचता यायचं," त्या म्हणाल्या. "निम्मं पत्र कधी कळलंच नाही."

"पेटीत आहेत अजून. वाचून दाखवते."

"माझं वाईट लिहिलंय?"

"लिहिलंय."

धुरपदाबाई परत आल्या आणि खुर्ची जवळ ओढून बसल्या. "मग वाच."