तांदळावरचं नाव

बाळ पेंडसे गेले, पण जाण्याआधी दवाखान्यातून त्यांनी बायकोच्या ईमेलवर स्वतःच्या आवाजातले अकरा निरोप पाठवून ठेवले होते. वसुधाबाई दर महिन्याला त्यांच्या तिथीला एकच ऐकायच्या. तीन झाले होते, आठ उरले होते. गोडाचं पुरवून खायचं, ही मुलुंडच्या त्या घरातली जुनीच खोड.

"आई, ईमेलच्या खात्याला ओटीपी लाव ना," मुलगा केयूर मागे लागला होता. "फोनवर नंबर येईल, तो टाकला तरच उघडेल."

"फोन हरवतो रे. उत्तर डोक्यात राहतं."

पासवर्ड विसरला तर खात्याचा प्रश्न होता, माहेरचं नाव काय? उत्तर, जयंती. लग्नात बाळनी तांदळावर अंगठीने 'वसुधा' लिहिलं आणि जयंती संपली. चाळीस वर्षांत त्या नावाने कोणी हाक मारली नव्हती. मारणारे सगळे वर गेले होते. याहून भक्कम कुलूप कुठलं?

सोमवारी कोणीतरी तेच उत्तर देऊन खात्यात शिरलं.

केयूरने रजा टाकून, दिवसभर खटपट करून खातं सोडवलं आणि ओटीपी लावला. निरोप जागेवर होते.

"पण जयंती कळली कुणाला?" बाईंनी विचारलं.

केयूरने मान खाली घातली. आईबाबांच्या लग्नाच्या वाढदिवसाला त्यानेच जुन्या पत्रिकेचा फोटो सगळ्यांना दिसेल असा टाकला होता. त्यात 'चि. सौ. कां. जयंती' ठळक छापलेलं.

"आई, चोरांनी बाबांचा आवाज नेला असणार. हल्ली त्यावरून कॉम्प्युटरकडून हवं ते त्याच आवाजात बोलवून घेतात. कोणालाही नंबर सांगू नकोस. अगदी मलासुद्धा."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मोबाइलवर सहा आकडे आले. मागोमाग फोन वाजला.

"जयंती, तो नंबर सांग गं."

बाळच. बोलण्याआधीचा बारीक खोकलासुद्धा. पण बाई काही दुधखुळ्या नव्हत्या. त्यांनीही प्रश्न टाकला.

"तांदळावर आधी काय लिहिलं होतंत?"

पलीकडून पुन्हा तोच बारीक खोकला.

"आधी तुझंच लिहिलं होतं. जयंती. भटजी ओरडले, म्हणून ताट हलवून पुसलं."

भटजी कधीच वारले होते. आता हे फक्त दोघांना ठाऊक. बाईंनी एकेक आकडा सावकाश वाचून दाखवला.

संध्याकाळी केयूर आला तेव्हा खातं उघडेना, आणि निरोपांची दुसरी प्रत कुठेच नव्हती. बाईंनी सगळं सांगितलं. "चोराला ते उत्तर कसं येईल रे?"

खातं सोडवताना केयूरने सगळे निरोप ऐकले होते.

"आई, सातव्यात बाबा हेच सांगतात."

बाई अजून सातव्यापर्यंत पोचल्याच नव्हत्या. पुरवून ठेवलेलं परक्याने आधी खाल्लं होतं. त्यांना स्वतःचाच भयंकर राग आला.

तेवढ्यात फोन वाजला.

"उचलू नकोस!" केयूर ओरडला.

त्यांनी उचलला. बारीक खोकला. "जयंती, अजून एक नंबर आला असेल बघ."

"आलाय," बाई म्हणाल्या, आणि खुर्ची ओढून नीट बसल्या. "पण आधी मला चौथा निरोप ऐकवा."